रेंटन: रंगाऱ्यांच्या गावाचा जगज्जेता क्लब

प्रश्न असा आहे: ‘स्कॉटलंडमधल्या रेंटन नावाच्या एका छोट्या गावाच्या फुटबॉल क्लबनं १८८८ साली स्वतःला जगज्जेता म्हणवून घेतलं होतं, हे खरं का? खरं असेल तर एवढंसं गाव तिथवर पोचलं कसं? आणि एका नियमबाह्य सामन्यापायी तो क्लब बुडाला असं वाचलं, ते कितपत बरोबर?’

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. होय, खरं आहे, आणि त्या काळच्या मोजमापानं ती पदवी पोकळही नव्हती. शेवटच्या भागाशी मात्र मी सहमत नाही. त्या सामन्यानं रेंटनला जखम झाली, पण क्लब गेला तो वेगळ्याच कारणानं. मी फुटबॉल शिकवतो, आणि जुन्या स्पर्धांच्या नोंदी धुंडाळणं हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद आहे. रेंटनबद्दल कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी गाव. ग्लासगोच्या वायव्येला लॉक लोमंड हे मोठं सरोवर आहे. त्यातून लीव्हन नदी निघते आणि सातआठ किलोमीटर वाहून डंबार्टनपाशी क्लाइडला मिळते. एवढ्याशा खोऱ्यात बॅलक, अलेक्झांड्रिया, बॉनहिल, रेंटन अशी गावं एकमेकांना खेटून आहेत. नदीचं पाणी मऊ, त्यामुळे कापड धुवायला आणि रंगवायला उत्तम. अठराव्या शतकापासून इथे ब्लीचिंगचे, छपाईचे आणि रंगाईचे कारखाने उभे राहिले. रेंटनमध्ये विल्यम स्टर्लिंग अँड सन्स या कंपनीचे दोन मोठे कारखाने होते, डॅलक्हर्न आणि कॉर्डेल. १८८०च्या दशकात गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती आणि बहुतेक घरांची चूल या कारखान्यांवर पेटत असे.

इथे रंगायचा तो ‘टर्की रेड’, म्हणजे गडद, न विटणारा लाल. मूळ रीत फार किचकट. मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांपासून रंग काढायचा. पण सुतानं तो धरावा म्हणून आधी तेल, शेण, तुरटी असे एकामागून एक हात द्यायचे, मधे वाळवायचं, धुवायचं, पुन्हा भिजवायचं. पुढे कृत्रिम अलिझरीन, म्हणजे त्या मुळांतलंच रंगद्रव्य कारखान्यात बनवलेलं, आल्यावर काम बरंच सोपं झालं. या लाल कापडाचं फार मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. लीव्हन खोऱ्यातल्या गाठोड्यांवर देवादिकांची रंगीत चित्रं असलेली लेबलं चिकटवून ती मुंबई आणि कलकत्त्याच्या बाजारात पाठवली जात. ही लेबलं आज संग्राहक जपून ठेवतात. नवरोजी वाडियांनी १८७९ साली मुंबईत जो रंगाईचा छोटा उद्योग सुरू केला, ज्याची पुढे बॉम्बे डाइंग झाली, तिथे सुरुवातीला हातानं सूत बुडवून जे मोजके रंग दिले जात त्यातही टर्की रेड होताच. म्हणजे रेंटनच्या पोरांची शनिवारची अर्धी सुट्टी ज्या पगारातून निघायची, त्यात मुंबईच्या पेठांचा वाटा होता. ही जोड मुद्दाम सांगतो, कारण फुटबॉलच्या पुस्तकांत ती सहसा येत नाही.

खेळाकडे येऊ. ३० नोव्हेंबर १८७२ला ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबशी निगडित होते. त्याच सुमारास क्वीन्स पार्कच्या मंडळींनी लीव्हन खोऱ्यात येऊन खेळून दाखवलं, नियम समजावले. खोऱ्यात तोवर शिंटी, म्हणजे हॉकीसारखा वाकड्या काठीचा डोंगरी खेळ, चालायचा. फुटबॉल तिथे वणव्यासारखा पसरला. १८७२ मध्येच रेंटन, अलेक्झांड्रियाचा व्हेल ऑफ लीव्हन आणि डंबार्टन असे तीन क्लब निघाले.

पुढच्याच वर्षी स्कॉटिश कप सुरू झाला. १८ ऑक्टोबर १८७३ रोजी रेंटननं किल्मार्नकला २-० हरवलं. हा त्या स्पर्धेतल्या अगदी पहिल्या सामन्यांपैकी एक. किल्मार्नकच्या खेळाडूंना रग्बीच्या नियमांची सवय होती, त्यामुळे ते सारखा चेंडूला हात लावत आणि फ्री किक देऊन बसत. देशातली मोठी शहरं अजून नियमांशी झगडत होती तेव्हा हे रंगारी पोरगे त्यात मुरले होते. १८७५ मध्ये रेंटन अंतिम सामन्यात पोचला आणि क्वीन्स पार्ककडून ३-० हरला. मग शेजारच्या व्हेल ऑफ लीव्हननं १८७७, ७८ आणि ७९ असा तीनदा ओळीनं कप नेला. १८८३ला डंबार्टननं नेला. १८८५ला अंतिम सामना झाला तोच रेंटन आणि व्हेल ऑफ लीव्हन यांच्यात, दोन शेजारी गावांत; पहिला गोलशून्य सुटला आणि पुन्हा खेळवला तेव्हा रेंटन ३-१ जिंकला. सात किलोमीटरच्या पट्ट्यानं नऊ वर्षांत राष्ट्रीय कप पाचदा घरी आणला, हे लक्षात घेतलं तर १८८८चं रेंटन आकाशातून पडलं नव्हतं हे पटेल. रोज घासाघीस करायला तुल्यबळ शेजारी होता, म्हणून क्लब घडला.

आता खेळाची रीत, कारण माझ्या मते खरा ठेवा तो आहे. इंग्लंडमध्ये तेव्हाचा प्रतिष्ठित खेळ म्हणजे ड्रिब्लिंग: एकानं चेंडू घेऊन सुटायचं आणि बाकीच्यांनी मागे धावायचं. स्कॉटलंडनं पासची रीत रुजवली. ऑफसाइडचा नियम तेव्हा कडक होता, चेंडू मिळणाऱ्यापुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू हवेत (तो १९२५ला सैल झाला). त्यामुळे लांब फटका मारून आघाडीवाल्याला सोडणं फारसं फळत नसे; छोट्या पासनंच पुढे सरकावं लागे. अशा खेळात मधली फळी कळीची ठरते. रेंटनचा १८८८चा संघ असा: गोलमध्ये लिंडसे, पाठीमागे अँड्र्यू हॅना आणि आर्ची मॅककॉल, मधे बॉब केल्सो, जेम्स केली आणि मॅकेक्नी, पुढे नील मॅककॅलम, हॅरी कॅम्पबेल, जॉन कॅम्पबेल, जेम्स मॅककॉल आणि मॅकनी.

त्या मधल्या तिघांकडे नीट पाहा. दोन बॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड ही रचना रेंटननं शोधली असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही, इंग्लंड-वेल्समध्ये ती आधीच वापरात आली होती. रेंटनचं श्रेय वेगळं. जेम्स केलीच्या रूपानं त्यांनी सेंटर हाफला, म्हणजे त्या तिघांतल्या मधल्याला, साऱ्या खेळाचा कणा केलं. प्रतिपक्षाचा सेंटर फॉरवर्ड अडवायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि तो काढून झाल्यावर तिथेच न थांबता त्यासकट वर जाऊन कॅम्पबेल-मॅककॉलच्या पायात द्यायचा. आजच्या भाषेत बचाव आणि रचना दोन्ही एकाच माणसाकडे. मी मुलांना मधल्या फळीचं काम समजावतो तेव्हा अजूनही इथूनच सुरुवात करतो, कारण हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मेहनतही तितकीच. रेंटनचे खेळाडू सरावाच्या शिस्तीसाठी नावाजलेले होते, आणि त्यांचा एक खुराक तर दंतकथाच बनला: ‘चिकन ब्री’. नावावरून कोंबडीचा रस्सा वाटावा, पण सांगतात ते असं की पोर्ट वाइनमध्ये कच्ची अंडी फेटून तो प्याला खेळाडूंना देत. पोषणशास्त्राच्या दृष्टीनं यात काही जादू नव्हती. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. दिवसभर कारखान्यात राबून तुटपुंज्या जेवणावर जगणाऱ्या तरुणाच्या पोटात अंडी नेमानं जाणं, हेच तेव्हा मोठं होतं. शिवाय क्लब आपल्या खाण्यापिण्याकडे बघतो, ही जाणीव खेळाडूला बांधून ठेवते.

१८८६-८७ला रेंटननं एफए कप या इंग्लंडच्या राष्ट्रीय कपस्पर्धेतही भाग घेतला. अॅक्रिंग्टनला हरवलं, आणि मग ओळीनं तीन वर्षं तो कप जिंकलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात २-० हरवून बाहेर काढलं. पुढे प्रेस्टनपुढे ते हरले. १८८७ मध्ये स्कॉटिश संघटनेनं आपल्या क्लबांना इंग्लंडच्या स्पर्धेत खेळायची बंदी केली, त्यामुळे तो रस्ता बंद झाला.

मग आलं १८८८. फेब्रुवारीत स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात रेंटननं कॅम्बसलँगचा ६-१ असा फडशा पाडला. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एवढं मोठं अंतर नंतर गाठलं ते सेल्टिकनं, १९७२ साली हिबर्नियनविरुद्ध, तेही बरोबर ६-१नंच. मार्चमध्ये मात्र राष्ट्रीय संघाची नाचक्की झाली: इंग्लंडनं ग्लासगोत येऊन स्कॉटलंडला ५-० धुतलं. त्याच महिन्यात वेस्ट ब्रॉमविच अल्बियननं प्रेस्टनला २-१ हरवून एफए कप जिंकला. दोन्ही देशांचे कपविजेते समोरासमोर यावेत अशी हाक निघणं साहजिक होतं.

१९ मे १८८८ला ग्लासगोतल्या हॅम्पडन मैदानावर सामना झाला. आभाळ फाटलं होतं, गडगडाट, मुसळधार पाऊस, मैदानाचा चिखल. रेंटननं अल्बियनला ४-१ हरवलं. सामना जाहीर झाला होता तोच युनायटेड किंग्डम आणि जगाचं अजिंक्यपद म्हणून. गावात टाँटीन पार्क या त्यांच्या मैदानावरच्या पॅव्हिलियनवर पाटी लागली: ‘चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड’.

याला बढाई म्हणावं का? मला तसं वाटत नाही. संघटित नियमांचा, कपस्पर्धांचा, कसलेल्या क्लबांचा फुटबॉल १८८८ मध्ये मुख्यतः ब्रिटनमध्येच होता. हिंदुस्थानात त्याच साली सिमल्याजवळ डगशाईला ड्युरँड कप पहिल्यांदा खेळला गेला, तर अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणीच होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सनी हायलंड लाइट इन्फंट्रीला २-१ हरवलं. बाहेरच्या जगात खेळ होता तो असा, शिपायांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बुटांबरोबर पोचलेला. तेव्हा दोन कपविजेत्यांतल्या विजेत्याला जगज्जेता म्हणणं रास्त होतं. ही पदवी एकट्या रेंटनचीही नाही; १८८७ला हिबर्नियननं प्रेस्टनला हरवून आणि १८९५ला संडरलंडनं हार्ट्सला हरवून असाच मान मिरवला. त्यांतलं कुठलंच गाव रेंटनएवढं छोटं नव्हतं एवढंच.

आता उतरण. त्या पावसातल्या विजयानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २८ मे १८८८ला, ग्लासगोच्या पूर्व भागात सेल्टिक नावाचा नवा क्लब आपला पहिला सामना खेळला. त्यांच्या संघात जेम्स केली होता. पहिला गोल केला नील मॅककॅलमनं. दोघेही रेंटनचे. स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला अजून बंदी होती, सगळे कागदोपत्री हौशी. पण केली काही काळानं पबचा मालक झाला आणि पुढे सेल्टिकचा अध्यक्षही. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. तिथे १८८५पासून व्यावसायिक खेळ कायदेशीर होता, आणि तिथल्या क्लबांचे दलाल स्कॉटलंडभर फिरत होते. हॅना एव्हर्टनला गेला, १८९१ला कर्णधार म्हणून लीग जिंकला, मग नव्यानं निघालेल्या लिव्हरपूलचाही पहिला कर्णधार झाला. केल्सोही इंग्लंडला गेला. कारखान्यातला आठवड्याचा पगार आणि इंग्लिश क्लबचा पगार यांत इतकी तफावत होती की कुणाला बोल लावायला जीव धजत नाही. घरी आईबाप, भावंडं, आणि हातात जेमतेम दहा वर्षं टिकणारी कला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

क्लब चालवणाऱ्यांना हे दिसत होतं. १८९० मध्ये स्कॉटिश लीग उभी राहिली तिच्यामागे पुढाकार रेंटनचाच. सचिव पीटर फेअरली यांनी बाकीच्या क्लबांना पत्रं धाडली. ठरलेल्या तारखांना ठरलेले सामने, म्हणजे ठरलेला गल्ला, हा हिशोब बरोबर होता. पहिल्या हंगामात अकरा क्लब होते आणि त्यात रेंटन, व्हेल ऑफ लीव्हन, डंबार्टन, कॅम्बसलँग अशी गावंखेडी रेंजर्स-सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबांच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

पाच सामने झाले आणि तो प्रसंग घडला. एडिनबरोच्या सेंट बर्नार्ड्स क्लबवर छुपे पैसे दिल्याबद्दल संघटनेनं बंदी घातली होती. त्यांनी ‘एडिनबरो सेंट्स’ असं नाव बदलून सामने मांडले आणि रेंटन त्यांच्याशी खेळला. संघटनेनं रेंटनलाही बाद केलं. लीगमधले पाचही निकाल पुसले गेले. रेंटननं मुकाट्यानं मान तुकवली नाही, कोर्टात गेला, आणि पुढच्या हंगामात लीगमध्ये परत आला. १८९३ला स्कॉटलंडनं व्यावसायिक खेळ कायदेशीर केला. म्हणजे ज्या गुन्ह्याच्या सावलीसाठी रेंटनचं वर्ष गेलं, तो गुन्हाच दोनअडीच वर्षांत पुस्तकातून निघाला. मला या निवाड्याचा आजही राग येतो. पैसे सगळेच देत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सापडायचे ते लहान.

पण क्लब यानंच बुडाला म्हणणाऱ्यांनी १८९५ पाहावं. रेंटन एव्हाना दुसऱ्या विभागात घसरला होता, त्या हंगामात लीगचा एक सामना तर खेळायलाही गेला नाही, आणि तरीही स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर कोण? सेंट बर्नार्ड्स. तेच, बंदीवाले. ते २-१ जिंकले. बाद झाल्यानंतर पाच वर्षांनी गावात अजून अंतिम सामन्यापर्यंत जाण्याइतके खेळाडू होते. शिक्षेनं खेळ संपला नव्हता.

संपला तो गल्ल्यानं. पाच हजारांच्या गावात म्हातारेकोतारे, बायका, मुलं वजा केली तर मैदानावर येणारे किती राहतात? उलट सेल्टिक आणि रेंजर्स शहराच्या लाखोंवर मोठी मैदानं बांधत होते. रेल्वेनं ग्लासगो जवळ आलं. गावचाच माणूस शनिवारी आगगाडीत बसून शहराचा मोठा सामना बघायला जाऊ लागला. पगार उघड द्यायची मुभा मिळाल्यावर तर लहान क्लबाकडे उरलीसुरली ओढही राहिली नाही. पूर्वी छुपे पैसे आणि गावकीचा जिव्हाळा यांत तरी थोडी झुंज होती. १८९१-९२ला व्हेल ऑफ लीव्हन आख्ख्या हंगामात एकही सामना जिंकला नाही आणि लीगबाहेर पडला. रेंटननं १८९७च्या हंगामात चार सामने खेळून लीग सोडली. त्यांचे उरलेले सामने हॅमिल्टन अॅकॅडेमिकलनं घेतले. कप आणि स्थानिक स्पर्धांत क्लब रेटत राहिला आणि १९२२ला कायमचा बंद झाला. याच काळात खोऱ्यातले रंगाईचे कारखानेही एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली होती. तिनंही पुढे हिंदुस्थान आणि जपानच्या गिरण्यांपुढे बाजार गमावला; १९६०च्या सुमारास तीही गेली.

‘मग परंपरा काय राहिली?’ असं पुढे विचाराल म्हणून तेही सांगतो. शेजारचा व्हेल ऑफ लीव्हन १९२९ला मोडला, पण १९३९ला ज्युनियर गटात नव्यानं उभा राहिला आणि अलेक्झांड्रियाच्या मिलबर्न पार्कवरच खेळत आला आहे. (स्कॉटलंडमध्ये ज्युनियर गट वयाचा नसून पायरीचा: प्रौढांचेच, पण व्यावसायिक लीगबाहेरचे क्लब.) अशा मैदानावर गेलात तर फाटकाशी पैसे घेणारा, चुना मारून रेषा आखणारा आणि चहा आणि ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) विकणारी मंडळी एकाच समितीतली असतात, आणि खेळाडूला नाव घेऊन ओरडणारा म्हातारा त्याच्या आजोबांबरोबर खेळलेला असतो. रेंटन नाहीसा झाला तरी त्याची ही रीत खोऱ्यात टिकली आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर ग्लासगोतल्या हॅम्पडन पार्कमधल्या स्कॉटिश फुटबॉल संग्रहालयात १८८८चा तो जगज्जेतेपदाचा कप आहे. दिसायला अगदी साधा. बाजूच्या नक्षीदार चषकांत चटकन नजरेत भरत नाही, म्हणून विचारून शोधा. गावाला जायचं तर ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून बॅलकची गाडी धरा, रेंटनचं स्टेशन वाटेतच आहे. टाँटीन पार्क आता नाही, तिथे घरं झाली. त्यामुळे शनिवार निवडा आणि पुढे अलेक्झांड्रियाला उतरून मिलबर्न पार्कवर घरचा सामना आहे का ते आधी बघून ठेवा.